कोटावरील डिपार्टमेंट स्टोअरच्या लेबलावरून काळ कसा ठरवावा? हडसन, डेट्रॉइट

प्रश्न: धागादोरा

नमस्कार. माझ्याकडे बायकांचा एक जुना अमेरिकी लोकरी कोट आहे आणि त्याचा काळ ठरवण्यासाठी मला जाणकारांची मदत हवी आहे. जुन्या कपड्यांच्या एका छोट्या संग्रहासाठी मी प्रत्येक कपड्याचे नोंदपत्र तयार करते आहे. काळाच्या रकान्यात मी जे लिहीन ते पुढे दुसरे कोणीतरी खरे मानून चालेल, याची जाणीव असल्यामुळे निव्वळ अंदाजाने तो रकाना भरायला माझे मन धजत नाही.

कोट गडद करड्या रंगाचा असून गुडघ्याच्या बराच खाली येतो. कॉलर मोठी आहे आणि मानेपासून थोडी सुटी राहते. बाह्या रुंद असून मनगटाच्या वरच संपतात, खांद्याला वेगळी शिवण नाही, तर बाही आणि अंग एकाच कापडातून कापलेले आहे. पाठीत भरपूर घेर आहे आणि तो खाली काठाकडे येता येता पुन्हा आवळला गेला आहे. समोर एकच मोठे बटण आहे.

आतल्या बाजूला, मानेखाली, अस्तरावर काळ्या साटिनचे एक विणलेले लेबल आहे आणि त्यावर सोनेरी धाग्यात ‘द जे. एल. हडसन कंपनी, डेट्रॉइट’ एवढीच अक्षरे आहेत. कोट शिवणाऱ्या कंपनीचे नाव कुठेही नाही. विक्रेत्याने हा कोट ‘१९४० च्या दशकातला’ म्हणून दिला होता आणि त्याला पुरावा म्हणून दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, लेबलावर फक्त डेट्रॉइट हे शहर आहे, म्हणजे दुकानाच्या शाखा निघण्याआधीचा हा कोट आहे. आणि दोन, लेबलाची अक्षरे जुन्या वळणाची आहेत.

पहिला मुद्दा मला सकृद्दर्शनी पटण्यासारखा वाटला, दुसरा तितकासा नाही. दुकानाच्या लेबलावरून खरोखर किती सांगता येते आणि त्यासाठी आणखी काय पाहावे, हे कृपया सविस्तर सांगावे. अस्तराच्या शिवणीत एक-दोन लहान पट्ट्याही आहेत, परंतु त्यांच्यावरचे छापील शब्द पुसट झाल्यामुळे मी त्या अजून नीट वाचलेल्या नाहीत.

उत्तर: टाचणी

आपला प्रश्न फार चांगला आहे, कारण दुकानाचे लेबल ही जुन्या अमेरिकी कोटावरची सर्वांत ठळक खूण असते आणि नेमकी तिच्याच बाबतीत सर्वांत जास्त घाई केली जाते.

आधी हे लक्षात घ्यावे की हे लेबल कोट कोणी विकला ते सांगते, कोणी शिवला ते नाही. त्या काळी डिपार्टमेंट स्टोअर बहुतेक कोट बाहेरच्या कारखान्यांकडून, विशेषतः न्यूयॉर्कमधल्या, तयार घेत असत आणि त्यावर स्वतःच्या नावाचे लेबल लावून घेत असत. कधी शिवणाऱ्याचे लेबलही सोबत असे, कधी आपल्या कोटाप्रमाणे ते मुळीच नसे. त्यामुळे दुकानाचा इतिहास आपल्याला कोटाच्या विक्रीच्या काळाची चौकट देतो, आणि ही चौकट किती अरुंद होईल हे त्या दुकानाने आपले नाव, पत्ता आणि शाखा किती वेळा बदलल्या यावर अवलंबून असते.

काही दुकानांच्या बाबतीत नशीब साथ देते. न्यूयॉर्कचे ‘बेस्ट अँड कंपनी’ १९७० मध्ये बंद झाले, म्हणून ते लेबल असलेला कोट त्यानंतरचा असू शकत नाही. लॉस एंजेलिसमधल्या ‘बुलक्स विल्शर’ची इमारत १९२९ मध्ये उघडली, म्हणून ते नाव लेबलावर दिसले की खालची मर्यादा आपोआप मिळते. ‘डेटन्स’, ‘मार्शल फील्ड’, ‘बी. ऑल्टमन’ यांसारख्या दुकानांच्या लेबलांची अक्षरवळणे दशकानुसार बदलत गेलेली दिसतात आणि ‘व्हिंटेज फॅशन गिल्ड’ या जुन्या कपड्यांच्या जाणकारांच्या संस्थेच्या लेबलसंग्रहात त्यांची छायाचित्रे पाहता येतात. आपल्या लेबलाशी तिथली लेबले ताडून पाहावीत. परंतु अक्षरवळण हा दुय्यम पुरावा मानावा, कारण दुकाने आपले प्रतिष्ठित जुने वळण मुद्दाम टिकवून ठेवत असत. विक्रेत्याचा दुसरा मुद्दा मी यासाठीच बाजूला ठेवतो.

आता हडसनविषयी. जोसेफ लोथियन हडसन यांनी १८८१ मध्ये डेट्रॉइटमध्ये हे दुकान सुरू केले आणि पुढे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरची त्याची प्रचंड इमारत शहराची ओळख बनली. पहिली मोठी उपनगरी शाखा साउथफील्डमधल्या नॉर्थलँड सेंटरमध्ये २२ मार्च १९५४ रोजी उघडली. हे केंद्र वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन यांनी आखले होते आणि हडसननेच ते उभारले होते. त्यानंतर १९५७ मध्ये ईस्टलँड आणि १९६५ मध्ये वेस्टलँड या शाखा आल्या. १९६९ मध्ये कंपनी मिनिआपोलिसच्या डेटन कंपनीत विलीन होऊन ‘डेटन-हडसन’ झाली, तरी दुकानांवरचे हडसन हे नाव तसेच राहिले. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरचे मूळ दुकान जानेवारी १९८३ मध्ये बंद झाले, ती इमारत १९९८ मध्ये स्फोटकांनी पाडली गेली, आणि उरलेल्या शाखांवरचे हडसनचे नाव २००१ मध्ये जाऊन तिथे ‘मार्शल फील्ड्स’ आले.

यावरून एक गोष्ट निर्विवाद सांगता येते. लेबलावर डेट्रॉइटच्या जोडीला नॉर्थलँडचे नाव असते, तर कोट १९५४ च्या आधीचा असणे शक्यच नव्हते; ईस्टलँड असते तर १९५७ च्या आधीचा नसता. परंतु विक्रेत्याने हे तर्कशास्त्र उलटे फिरवले आहे. नॉर्थलँडचे नाव नाही म्हणून कोट १९५४ च्या आधीचाच, असे म्हणता येत नाही. विणलेली लेबले यंत्रमागावर हजारोंच्या संख्येने एकदम करून घेतली जात आणि संपेपर्यंत वापरली जात. शिवाय मूळ शहराचे नाव ही दुकानाची शान असे, त्यामुळे शाखा निघाल्या तरी महागड्या विभागांच्या लेबलांवर एकट्या शहराचे नाव वर्षानुवर्षे चालू राहण्यात नवल नव्हते. खालच्या मजल्यावरच्या स्वस्त विभागांची लेबले वेगळी असत, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून दुकानाच्या लेबलावरून सध्या एवढेच म्हणता येईल की कोट १९८३ च्या पुढचा असण्याची शक्यता फार कमी आहे. ही चौकट फारच रुंद आहे आणि ती अरुंद करायची असेल तर आपण ज्या लहान पट्ट्यांचा उल्लेख केला आहे त्या वाचाव्याच लागतील. त्या पट्ट्या कोणत्याही परिस्थितीत ओल्या करू नयेत. खिडकीजवळ कापड आडवे धरून, प्रकाश तिरका पडेल अशा रीतीने, भिंगाखाली पाहावे. पुसट छपाईसुद्धा पुष्कळदा अशा प्रकाशात वाचता येते.

उत्तर: सूतगुंडी

वरील माहितीत एक भर घालतो. पट्टीवर ‘डब्ल्यूपीएल’ ही अक्षरे आणि पुढे क्रमांक आढळला, तर काम सोपे होईल. हे क्रमांक अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लोकरी मालाच्या लेबलविषयक कायद्याखाली उत्पादकांना दिले होते, आणि १९५९ नंतर ते देणे बंद झाले. त्यामुळे असा क्रमांक मिळाल्यास कोट १९४१ ते १९५९ या काळातला आहे असे निश्चित धरण्यास हरकत नसावी.

विक्रेत्याच्या बाजूनेही एक शब्द सांगावासा वाटतो. मोठी कॉलर आणि भरगच्च घेर हे १९४० च्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतही दिसतात, तेव्हा त्याचा अंदाज अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

उत्तर: उलटशिवण

सूतगुंडी यांनी सांगितलेला काळ क्रमांक देण्याचा आहे, क्रमांक वापरण्याचा नाही. जुन्या कपड्यांच्या नोंदींत ही चूक इतक्या वेळा पुढे पुढे नेली गेली आहे की ती येथे सविस्तर दुरुस्त करणे मला आवश्यक वाटते.

लोकरी मालाचा कायदा १९३९ चा असून तो जुलै १९४१ पासून अमलात आला. लोकर असलेल्या कपड्यावर तिचे प्रमाण आणि प्रकार लिहिणे त्याने सक्तीचे केले. उत्पादकाने आपले नाव द्यावे किंवा त्याऐवजी नोंदणी क्रमांक द्यावा, अशी सोय होती, आणि हाच तो डब्ल्यूपीएल क्रमांक. हे क्रमांक १३६६९ पर्यंत पोहोचून १९५९ मध्ये थांबले आणि पुढचे क्रमांक १३६७० पासून ‘आरएन’ या नावाने दिले जाऊ लागले. पण ज्या कंपनीला १९४८ मध्ये क्रमांक मिळाला, ती कंपनी तो क्रमांक १९६५ मध्येही आपल्या पट्ट्यांवर छापू शकत होती, कारण क्रमांक रद्द झालेले नव्हते, फक्त नवे देणे थांबले होते. म्हणून डब्ल्यूपीएल क्रमांक कोट १९४१ च्या आधीचा नाही एवढे पक्के सांगतो. वरची मर्यादा तो देत नाही.

आरएन क्रमांकाबाबतही एक सूत्र सर्वत्र फिरते. क्रमांकातून १३६७० वजा करावेत, उरलेल्याला २६३५ ने भागावे आणि येणारी संख्या १९५९ मध्ये मिळवावी. उदाहरणार्थ ४००२० हा क्रमांक घेतला तर उत्तर १९६९ येते. हा कंपनीला क्रमांक मिळाल्याच्या वर्षाचा ढोबळ अंदाज आहे. कोट त्या वर्षी शिवला असे त्यातून मुळीच निघत नाही. कंपनीने तो क्रमांक पुढे वीस वर्षे वापरलेला असू शकतो. फेडरल ट्रेड कमिशनच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून कंपनीचे नाव शोधता येते, आणि नाव मिळाले तर तिच्या जाहिरातींकडे वळता येते, हा त्या क्रमांकाचा खरा उपयोग आहे. बंद पडलेल्या कंपन्या मात्र तिथे नेहमीच सापडतात असे नाही.

आता त्या पट्ट्यांवर काय काय सापडू शकते ते सांगतो. कोटांच्या बाबतीत सर्वांत उपयोगी पट्टी असते ती कामगार संघटनेची. बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची ‘इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन’ ही संघटना १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली, आणि तिचे राष्ट्रीय महासंघांशी असलेले नाते बदलत गेले तशी पट्टीवरची अक्षरेही बदलत गेली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती सीआयओ या नव्या महासंघाबरोबर होती, नंतर त्यातून बाहेर पडली आणि १९४० मध्ये एएफएल या जुन्या महासंघात परत आली. डिसेंबर १९५५ मध्ये एएफएल आणि सीआयओ हे दोन्ही महासंघ एक झाले. त्यामुळे पट्टीच्या वर्तुळात ‘एएफएल-सीआयओ’ अशी जोडलेली अक्षरे असतील तर कोट डिसेंबर १९५५ च्या आधीचा असू शकत नाही. १९७४ मध्ये पट्टीची मांडणी बदलून ती लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांत आली, आणि १९९५ मध्ये संघटनाच दुसऱ्या संघटनेत विलीन झाली. एका इंचाच्या पट्टीतून इतक्या स्पष्ट मर्यादा देणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही, आणि कोट उलटून पाहताना माझे हात आधी तीच शोधतात.

याच्याही आधीच्या काळात निळ्या गरुडाची पट्टी येते; हे चिन्ह राष्ट्रीय औद्योगिक पुनरुत्थान कायद्याखालच्या मालावर लावले जाई. हा कायदा जून १९३३ मध्ये झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ मे १९३५ रोजी तो घटनाबाह्य ठरवला. गरुडाचे चिन्ह असलेला कोट या जेमतेम दोन वर्षांत शिवलेला असतो. कायदा गेल्यावर कोट आणि सूट शिवणाऱ्या उद्योगाने स्वतःचे मंडळ स्थापून आपली वेगळी पट्टी चालू ठेवली, ती पुढे बरीच वर्षे दिसते आणि पुष्कळ लोक तिला चुकून गरुडाच्याच काळातली समजतात.

लोकरीच्या प्रकाराचे शब्दही पाहावेत. ‘रिप्रोसेस्ड’ (न वापरलेल्या लोकरी कापडातून पुन्हा काढलेली लोकर) आणि ‘रीयूज्ड’ (वापरलेल्या मालातून काढलेली लोकर) हे दोन शब्द १९३९ च्या कायद्यातले आहेत आणि १९८० च्या दुरुस्तीने त्यांच्या जागी ‘रीसायकल्ड’ हा एकच शब्द आणला. शुद्ध लोकरीचे, धाग्याच्या लडीसारखे गोल चिन्ह असेल तर कोट १९६४ किंवा त्यानंतरचा. कापड कसे धुवावे किंवा स्वच्छ करावे याची कायमची पट्टी जुलै १९७२ पासून सक्तीची झाली. अमेरिकेतच शिवलेल्या कपड्यावर ‘मेड इन यूएसए’ लिहिण्याची सक्ती १९८४ च्या अखेरीस आली, मात्र त्याआधीही काही उत्पादक ते हौसेने लिहीत असत.

राहता राहिला विक्रेत्याचा १९४० च्या दशकाचा दावा. युद्धकाळात कापड वाचवण्यासाठी अमेरिकेच्या युद्धउत्पादन मंडळाने एप्रिल १९४२ मध्ये ‘एल-८५’ हा आदेश काढला आणि तो १९४६ पर्यंत लागू होता. त्यात बायकांच्या कपड्यांची लांबी आणि घेर यांवर मर्यादा होत्या आणि लोकरी कापडात अंगाबरोबरच कापलेल्या रुंद बाह्यांना मनाई होती. आपण वर्णन केलेला कोट नेमका त्या मनाईच्या विरुद्ध जातो, म्हणून १९४२ ते १९४६ ही वर्षे तर मी सरळ वगळतो. दशकाच्या शेवटच्या तीन वर्षांची शक्यता उरते, पण ती पट्टी वाचल्यावरच राखायची की सोडायची ते ठरेल.

धागादोरा

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. काल संध्याकाळी खिडकीशी बसून तिरक्या उजेडात भिंगाने दोन्ही पट्ट्या वाचल्या आणि तिसरी एक नवीच सापडली.

पहिली पट्टी डाव्या बाजूच्या शिवणीत, अस्तर आणि कोटाचे कापड जिथे मिळते तिथे आहे. तिच्यावर कंगोरे असलेले वर्तुळ आहे, मधोमध संघटनेची अक्षरे आहेत, आणि वर्तुळाच्या दोन बाजूंना एएफएल आणि सीआयओ अशी दोन्ही अक्षरे स्पष्ट वाचता येतात. पट्टी एकाच रंगात छापलेली आहे. लाल आणि निळे असे वेगळे रंग नाहीत. दुसऱ्या पट्टीवर ‘१०० टक्के लोकर’ आणि त्याखाली ‘आतला थर रिप्रोसेस्ड लोकर’ अशा अर्थाचा मजकूर असून शेवटी डब्ल्यूपीएल आणि चार आकडे आहेत. तिसरे लेबल अस्तराच्या खालच्या टोकाजवळ होते, आजवर ते माझ्या नजरेतूनच सुटले होते. त्यावर ‘मिलियम’ हा शब्द आहे. स्वच्छ करण्याच्या सूचनेची पट्टी कुठेही नाही आणि लोकरीचे गोल चिन्हही नाही.

म्हणजे संघटनेच्या पट्टीवरून कोट डिसेंबर १९५५ नंतरचा ठरतो आणि विक्रेत्याचा दावा उरत नाही. एक गोष्ट मला या सगळ्यात फार लक्षणीय वाटली. नॉर्थलँडची शाखा १९५४ मध्येच उघडली होती, म्हणजे हा कोट विकला गेला तेव्हा शाखेला किमान पावणेदोन वर्षे झाली होती, आणि तरीही लेबलावर फक्त डेट्रॉइट आहे. टाचणी यांनी जे तर्काने सांगितले त्याचा पुरावा हा कोटच देतो.

आता माझ्या दोन शंका उरतात. अस्तर मागाहून बदललेले असेल तर या पट्ट्यांवर विसंबता येईल का? आणि ज्या पट्ट्या कोटावर नाहीत त्यांच्या नसण्याला किती महत्त्व द्यावे? नॉर्थलँड नसण्याला काहीच अर्थ नव्हता, मग स्वच्छतेच्या सूचनेची पट्टी नसण्याला तरी का असावा?

उत्तर: टाचणी

आपली दुसरी शंका फार मोलाची आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळतो. नॉर्थलँडचे नाव लेबलावर घालणे हा दुकानाच्या मर्जीचा भाग होता. घातले काय, न घातले काय, त्याला विचारणारे कोणी नव्हते. स्वच्छतेच्या सूचनेची पट्टी ही कायद्याची सक्ती होती आणि ती लावण्याची जबाबदारी उत्पादकावर होती. मर्जीची गोष्ट नसली तर त्यातून काही सिद्ध होत नाही, सक्तीची गोष्ट नसली तर बरेच काही सूचित होते. तरीही ‘सूचित होते’ एवढेच म्हणावे, कारण मानेला टोचते म्हणून अशा पट्ट्या लोक कापून टाकत असत. ती कापली गेली असेल तर शिवणीत पट्टीचा चिमूटभर तुकडा अडकून राहिलेला असतो किंवा सुईच्या भोकांची एक लहान रांग उरते. बाजूच्या शिवणी आणि मानेखालचा भाग बोटांनी चाचपून आणि भिंगाने पाहून घ्यावा. असे काही आढळले नाही तर जुलै १९७२ ही वरची मर्यादा निश्चिंतपणे धरावी. लोकरीचे गोल चिन्ह मात्र पुन्हा मर्जीचे, म्हणजे परवाना घेणाऱ्या उत्पादकाच्या इच्छेचे होते, त्यामुळे ते नसण्यावरून १९६४ ही मर्यादा काढू नये.

पहिल्या शंकेचे उत्तर टाक्यांत आहे. संघटनेची पट्टी शिवणीच्या आत, दोन कापडांच्या मध्ये धरून एकाच टिपेत शिवलेली असेल, आणि त्या टिपेचा धागा बाकी अस्तराच्या धाग्याशी रंगाने, जाडीने आणि टाक्याच्या लांबीने जुळत असेल, तर अस्तर मूळचे आहे. दुसऱ्या शिंप्याने अस्तर बदलले असते तर जुनी शिवण उसवावी लागली असती, आणि संघटनेची पट्टी पुन्हा तितक्याच नेटकेपणाने आत घालण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. मिलियमचे लेबलही त्याच अस्तरावर आहे, ही आणखी एक जमेची बाजू.

हडसनचे लेबल मात्र वेगळे तपासावे, कारण ते वरून शिवलेले असते आणि वरून शिवलेले लेबल एका कोटावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. त्याचा टाका फक्त अस्तरातून गेला आहे की अस्तराच्या मागच्या थरापर्यंत पोहोचला आहे, हे पाहावे. अस्तर कोटाला जोडण्यापूर्वी लेबल लावले असेल तर टाका अस्तरापुरताच राहतो. तो आरपार गेलेला असेल तर लेबल कोट तयार झाल्यावर लावले आहे. त्यातही दुकानाने स्वतः लावले असण्याची शक्यता असतेच, त्यामुळे घाबरून जाऊ नये. लेबलाखालचे कापड आजूबाजूच्या कापडापेक्षा कमी विटलेले असेल तर ते तिथे पहिल्यापासून आहे असे समजावे.

मिलियमविषयी दोन शब्द. हे डीअरिंग मिलिकन कंपनीचे अ‍ॅल्युमिनियमचा लेप दिलेले अस्तर होते. शरीराची उष्णता आतच राखते म्हणून त्याची जाहिरात होत असे. १९५० च्या दशकात अमेरिकी कोटांत ते फार लोकप्रिय होते आणि कोटाच्या दुकानी लेबलाशेजारी त्याचे लेबल दिमाखात लावले जात असे. अस्तराच्या उलट्या बाजूला रुपेरी झाक दिसते का, ते खालच्या सुट्या काठातून हळूच पाहता येईल.

उत्तर: उलटशिवण

टाचणी यांच्या विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. राहिलेला भाग कोटाच्या कापणीचा, आणि इथे आपण पुराव्याकडून जाणकारीच्या अंदाजाकडे येतो, हे नोंदपत्रात स्पष्ट दिसावे असे मला वाटते.

मानेपासून सुटी कॉलर, मनगटाच्या वर थांबणारी रुंद बाही, एकच मोठे बटण, पाठीत फुगून काठाशी आवळणारा घेर आणि गुडघ्याखाली उतरणारी लांबी, या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या की मला १९५० च्या दशकाची शेवटची आणि १९६० च्या दशकाची अगदी पहिली वर्षे दिसतात. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कोट आखूड झाले, काठाशी आवळण्याऐवजी खाली पसरू लागले आणि बाही पुन्हा अंगाला वेगळी जोडलेली, अरुंद झाली. अर्थात फॅशन मागे टाकून आवडीची कापणी वापरत राहणारी गिऱ्हाइके प्रत्येक काळात असतात आणि मोठी दुकाने त्यांची काळजी घेत असत, म्हणून कापणीवरून वर्ष ठरवू नये, टप्पा ठरवावा.

आणखी पुढे जायचे असेल तर त्या वर्षांतल्या डेट्रॉइटच्या दैनिकांची जुनी पाने चाळावीत. हडसनच्या पानभर जाहिराती त्यांत येत आणि शरद ऋतूतल्या कोटांची रेखाचित्रे त्यांत असत. ‘डेट्रॉइट हिस्टॉरिकल सोसायटी’च्या संग्रहातही हडसनच्या वस्तू आहेत. तिथल्या एखाद्या कपड्यावर आपल्यासारखेच लेबल आढळले आणि त्याच्या खरेदीचे वर्ष नोंदलेले असेल, तर दुकानाच्या लेबलावरून जे आज सांगता येत नाही ते सांगता येईल.

उत्तर: सूतगुंडी

डब्ल्यूपीएल क्रमांकाविषयीची माझी समजूत चुकीची होती आणि ती दुरुस्त केल्याबद्दल उलटशिवण यांचा मी आभारी आहे. माझ्या स्वतःच्या दोन कोटांच्या नोंदी मी याच समजुतीवर १९५९ च्या आत बसवल्या होत्या, त्या आता पुन्हा तपासतो. धागादोरा यांना एक विनंती आहे. नोंदपत्रासोबत तिन्ही पट्ट्यांची आणि लेबलाची, शक्य असल्यास लेबलाच्या मागच्या बाजूचीही, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेली छायाचित्रे जोडावीत. उद्या एखाद्या तारखेविषयी नवी माहिती पुढे आली तर कोट पुन्हा न हाताळता नोंद सुधारता येईल.

धागादोरा

छायाचित्रे आज काढली. संघटनेच्या पट्टीची टीप आणि अस्तराची टीप एकाच धाग्याची आहे. कापलेल्या पट्टीचा तुकडा किंवा सुईची भोके कुठेही आढळली नाहीत. हडसनच्या लेबलाचा टाका अस्तरापुरताच आहे, आणि एका कोपऱ्यात ते थोडे उसवलेले असल्यामुळे खालचे कापड पाहता आले. ते बाकी अस्तरापेक्षा स्पष्टपणे गडद आहे. काठातून डोकावल्यावर अस्तराची उलटी बाजू रुपेरी दिसली.

नोंदपत्रात आता मी असे लिहिले आहे: ‘विक्री: द जे. एल. हडसन कंपनी, डेट्रॉइट. शिवणारी कंपनी: अज्ञात, डब्ल्यूपीएल क्रमांक नोंदवला आहे. काळ: डिसेंबर १९५५ नंतर, संघटनेच्या पट्टीवरून, जुलै १९७२ पूर्वी, स्वच्छतेच्या सूचनेची पट्टी नसल्यावरून. कापणीवरून संभाव्य टप्पा: १९५० च्या दशकाचा शेवट ते १९६० च्या दशकाचा आरंभ.’ विक्रेत्यालाही हे सर्व कळवले आहे. डब्ल्यूपीएल क्रमांकावरून कंपनीचे नाव मिळाले तर ते याच चर्चेत लिहीन.